फिलाडेल्फियाचं ज्यू संग्रहालय स्मिथसोनियनमध्ये जाणार का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी ज्यूंचा इतिहास सांगणारं फिलाडेल्फियातलं एक खासगी संग्रहालय देशाच्या राष्ट्रीय संग्रहालय-समूहात, म्हणजे स्मिथसोनियनमध्ये, घ्यावं का, असा विचार अमेरिकेत चालू आहे. मराठी वाचक याबद्दल जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं चार ओळींत संपतात, काही ठिकाणी थांबावं लागतं. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं म्हणूनच लिहिलं आहे.

नेमकं प्रकरण काय आहे?

संग्रहालयाचं पूर्ण नाव ‘वाइट्झमन नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन ज्युइश हिस्टरी’. नावात ‘नॅशनल’ असलं तरी ते सरकारी नाही. विश्वस्त मंडळ ते चालवतं आणि पैसा देणगीदारांकडून येतो. हे संग्रहालय स्मिथसोनियनकडे सोपवता येईल का, याचा अभ्यास करणारा आयोग नेमण्याचा कायदा २०२४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. प्रतिनिधिगृहात विधेयक मांडलं ते फ्लोरिडाच्या डेमोक्रॅट सदस्य डेबी वासरमन शुल्ट्झ यांनी, पण पाठिंबा दोन्ही पक्षांचा होता. हल्लीच्या वॉशिंग्टनमध्ये हे अप्रूपच.

म्हणजे ते स्मिथसोनियनचं झालं?

नाही. आयोग फक्त शिफारस करतो. खरोखर सोपवायचं ठरलं तर काँग्रेसला पुन्हा वेगळा कायदा करावा लागेल. शिवाय संग्रहालयाचे विश्वस्त आणि स्मिथसोनियनचं नियामक मंडळ, दोघांचीही तयारी हवी.

यात किती वर्षं जातात?

घाई असणाऱ्यांनी लॅटिनो संग्रहालयाची कहाणी ऐकावी. त्याच्या अभ्यास-आयोगाचा कायदा २००८ चा, अहवाल २०११ चा, संग्रहालय स्थापन करण्याचा कायदा डिसेंबर २०२० चा, आणि स्वतःची इमारत अजून नाही. आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाचा कायदा २००३ मध्ये झाला, दारं उघडली सप्टेंबर २०१६ मध्ये. त्या मागणीचा उगम तर थेट १९१५ सालच्या कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या मेळाव्यापर्यंत मागे नेतात.

फिलाडेल्फियाचं प्रकरण एका बाबतीत सोपं आहे: इमारत, संग्रह, कर्मचारी, कायमस्वरूपी प्रदर्शन हे सगळं आधीच उभं आहे. नॅशनल मॉलवर, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या संग्रहालयांनी वेढलेल्या हिरवळीच्या पट्ट्यावर, जागा शोधायची, वास्तुविशारद नेमायचा, मग वीस वर्षं निधी गोळा करायचा, ही पायरीच नाही.

संग्रहालय सुरू कसं झालं?

१९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला. ‘मिक्वे इस्रायल’ ही फिलाडेल्फियातली ज्यू मंडळी १७४० पासूनची परंपरा सांगते. तिच्या सिनेगॉगच्या, म्हणजे प्रार्थनामंदिराच्या, नव्या वास्तूतच हे संग्रहालय उघडलं. तीन दशकांनंतर जागा अपुरी पडायला लागली. शेवटी नोव्हेंबर २०१० मध्ये जवळच, फिफ्थ आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जेम्स पोल्शेक यांनी रचलेली काचेची मोठी इमारत खुली झाली. खर्च सुमारे १५ कोटी डॉलर, क्षेत्रफळ सुमारे एक लाख चौरस फूट. संग्रहात तीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. गोष्ट सुरू होते १६५४ मध्ये, ब्राझीलच्या रेसिफीतून निसटून न्यू ॲमस्टरडॅमला, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कला, पोचलेल्या २३ ज्यूंपासून.

न्यूयॉर्क सोडून फिलाडेल्फियात का?

लोकसंख्येच्या हिशेबाने पाहिलं तर हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकी ज्यू म्हटलं की न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड वस्तीतली चाळवजा घरं आणि शिवणकामाचे कारखाने डोळ्यांसमोर येतात. पण इथे मुद्दा शेजाराचा आहे. संग्रहालयाच्या गच्चीवरून इंडिपेंडन्स हॉल दिसतो. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना दोन्हींवर सह्या झाल्या त्या तिथे. चालत काही मिनिटांवर लिबर्टी बेल आहे, आणि त्या घंटेवर कोरलेली ओळ हिब्रू बायबलातल्या लेवीय या पुस्तकातली आहे: सगळ्या देशभर तिथल्या सर्व रहिवाशांसाठी स्वातंत्र्याची द्वाही फिरवा.

शहराचे जुने धागेही घट्ट आहेत. स्वातंत्र्ययुद्धासाठी पैसा उभा करणारे हायम सॉलोमन १७८५ मध्ये इथेच कफल्लक अवस्थेत वारले आणि मिक्वे इस्रायलच्या दफनभूमीत पुरले गेले. तीनच वर्षांनी सिनेगॉग कर्जात बुडालं तेव्हा ज्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनी वर्गणी दिली त्यांत बेंजामिन फ्रँकलिन होते; त्यांच्या नावापुढे पाच पौंड लिहिले आहेत. १८३८ मध्ये रिबेका ग्रॅट्झ यांनी ज्यू मुलांसाठी रविवारची शाळा काढली तीही याच शहरात. तेव्हा स्मिथसोनियनमध्ये गेलं तरी संग्रहालय फिलाडेल्फियातच राहावं, असं मला ठामपणे वाटतं. वॉशिंग्टनला हलवलं तर वस्तू जातील. आजूबाजूचा इतिहास मागेच राहील.

पैसे संपले म्हणून सरकारकडे धाव, असंच ना?

अर्धं खरं आहे. नव्या इमारतीसाठी काढलेल्या कर्जरोख्यांचं ओझं संग्रहालयाला पेललं नाही. १ मार्च २०२० रोजी, सुमारे तीन कोटी डॉलरच्या देण्यासह, त्याने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं. दोन आठवड्यांत करोनामुळे दारंही बंद झाली. त्यातून बाहेर पडताना इमारतीची मालकी हातची गेली होती आणि संग्रहालय आपल्याच वास्तूत भाडेकरू झालं होतं. २०२१ च्या अखेरीस पादत्राणांचे प्रसिद्ध रचनाकार स्टुअर्ट वाइट्झमन यांनी मोठी देणगी दिली. तिच्यातून इमारत परत घेण्याची आणि स्थायी निधीची सोय झाली आणि संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं. मे २०२२ मध्ये ते पुन्हा उघडलं.

म्हणजे स्मिथसोनियनचा विचार पुढे आला तेव्हा संग्रहालय बुडत नव्हतं, सावरलेलं होतं. तरी धडा उरतोच. पंधरा कोटींची वास्तू बांधायला देणगीदार पुढे येतात, कोनशिलेवर नाव लागतं. विजेचं बिल, छताची गळती, वस्तू जपणाऱ्या तंत्रज्ञांचे पगार यांच्यासाठी रांग लागत नाही. देवळाच्या कळसाला सोनं मिळतं, समईच्या तेलाची मात्र रोजची चिंता असते, तसं हे.

ते आधीपासून स्मिथसोनियनशी जोडलेलं आहे असं वाचलं. मग नवीन काय?

संलग्न असणं वेगळं आणि मालकीचं असणं वेगळं. स्मिथसोनियनची संलग्नता योजना १९९६ पासून आहे आणि अमेरिकेतली दोनशेहून अधिक संग्रहालयं तिच्यात आहेत. संलग्न संस्थेला वस्तू उसन्या मिळतात, फिरती प्रदर्शनं आणि प्रशिक्षण मिळतं, नाव वापरता येतं. पण खर्च तिचा, विश्वस्त तिचे, चूक झाली तर जबाबदारीही तिचीच. हस्तांतरण झालं तर संग्रहाची मालकी, नेमणुका, अंदाजपत्रक सगळं स्मिथसोनियनकडे जातं.

स्मिथसोनियन म्हणजे सरकारी खातं का?

पूर्णपणे नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. जेम्स स्मिथसन हा इंग्रज शास्त्रज्ञ अमेरिकेत कधी पाऊलही न ठेवता १८२९ मध्ये वारला आणि पाच लाखांहून अधिक डॉलरची मालमत्ता अखेर त्या देशाकडे आली, ज्ञान वाढावं आणि पसरावं म्हणून. काँग्रेसने बराच घोळ घालून १८४६ मध्ये कायद्याने संस्था स्थापन केली. आज तिच्याकडे २१ संग्रहालयं आणि एक प्राणिसंग्रहालय आहे. वर्षाच्या खर्चातला साधारण साठ टक्के पैसा संघराज्य सरकारकडून येतो. उरलेला देणग्या, निधीवरचं व्याज आणि व्यवसायातून.

नियामक मंडळ सतरा जणांचं: सरन्यायाधीश, उपराष्ट्राध्यक्ष, तीन सिनेटर, प्रतिनिधिगृहाचे तीन सदस्य आणि नऊ नागरिक. म्हणजे रचनेतच सरकारपासून अंतर राखलंय, पण फार नाही.

मग सगळा खर्च सरकार उचलेल?

अशी आशा कोणी ठेवू नये. आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाच्या इमारतीला सुमारे ५४ कोटी डॉलर लागले, त्यातले अर्धे सरकारचे आणि अर्धे लोकांकडून जमवलेले. मूलनिवासी अमेरिकनांच्या संग्रहालयाला बांधकामाचा एक तृतीयांश खर्च सरकारबाहेरून आणायची अट होती. स्मिथसोनियनच्या स्वतःच्या इमारतींची थकलेली दुरुस्तीच एक अब्ज डॉलरच्या वर आहे, आणि २०२० मध्ये मंजूर झालेली दोन संग्रहालयं, लॅटिनोंचं आणि स्त्रियांच्या इतिहासाचं, अजून रांगेत उभी आहेत. त्यामुळे स्मिथसोनियनच्या अधिकाऱ्यांनी या नव्या पाहुण्याकडे थोडं साशंक होऊन पाहिलं तर त्यांना नावं ठेवता येणार नाहीत.

सरकारी पैशाला सरकारी रोगही असतात. अंदाजपत्रक अडलं की स्मिथसोनियनची दारं बंद होतात. २०१९ च्या जानेवारीत ती कित्येक आठवडे बंद होती, ऑक्टोबर २०२५ मध्येही तेच झालं. शिल्लक निधीवर काही दिवस ढकलता येतात, मग कुलूप. खासगी संग्रहालयाला ही पीडा नाही.

प्रवेश फुकट होईल?

बहुधा. स्मिथसोनियनची संग्रहालयं मोफतच असतात. न्यूयॉर्कचं कूपर ह्यूइट तेवढं तिकीट घेतं.

बाहेरचं संग्रहालय स्मिथसोनियनने असं आत घेतल्याची उदाहरणं आहेत?

तीन ठळक आहेत, आणि तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेची.

कूपर ह्यूइट हे उपयोजित कलांचं संग्रहालय कूपर युनियन या न्यूयॉर्कच्या शिक्षणसंस्थेचं होतं. १९६० च्या दशकात संस्थेने ते बंद करायचं ठरवलं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि १९६८ च्या सुमारास ते स्मिथसोनियनकडे गेलं. १९७६ पासून ते उद्योगपती कार्नेगी यांच्या जुन्या हवेलीत आहे. शहर बदललं नाही.

आफ्रिकी कलेचं संग्रहालय वॉरन रॉबिन्स या निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्याने १९६४ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिलवर, गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या जुन्या घरात, जवळजवळ एकहाती उभं केलं. १९७९ मध्ये ते स्मिथसोनियनचं झालं आणि १९८७ मध्ये मॉलवरच्या नव्या वास्तूत गेलं. इथे पत्ता बदलला, आणि एका माणसाच्या ध्यासातून उभ्या राहिलेल्या जागेचा आकारही बदलला.

तिसरं उदाहरण आयोगाने बारकाईने वाचावं असं आहे. जॉर्ज गुस्ताव हाय या न्यूयॉर्कच्या धनिकाने मूलनिवासी जमातींच्या वस्तूंचा अवाढव्य संग्रह जमवला होता. सुमारे आठ लाख वस्तू. त्याच्या पश्चात संस्था डबघाईला आली. संग्रह वॉशिंग्टनला जाणार म्हटल्यावर न्यूयॉर्कने हट्ट धरला. १९८९ च्या कायद्यात तडजोड झाली: मॉलवर नवं संग्रहालय होईल, पण न्यूयॉर्कमध्येही हाय यांच्या नावाचं केंद्र राहील. ते केंद्र १९९४ मध्ये जुन्या कस्टम हाउसमध्ये उघडलं, वॉशिंग्टनचं संग्रहालय २००४ मध्ये. त्याच कायद्याने स्मिथसोनियनवर आणखी एक बंधन घातलं: आपल्याकडचे मूलनिवासींचे मानवी अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या वस्तू नोंदवायच्या आणि वंशजांनी मागितल्यास परत द्यायच्या. समाजाने घासाघीस केली तर हस्तांतरणाच्या कायद्यात किती काय लिहून घेता येतं, याचा हा पुरावा.

वॉशिंग्टनमध्ये होलोकॉस्टचं संग्रहालय आहेच. पुन्हा हे कशाला?

कारण विषय वेगळा आहे. ते युरोपातल्या नरसंहाराचं स्मारक आहे, १९९३ मध्ये उघडलेलं, आणि ते स्मिथसोनियनचा भागही नाही; काँग्रेसने १९८० च्या कायद्याने त्याची स्वतंत्र व्यवस्था केली. फिलाडेल्फियाचं संग्रहालय जगण्याचं आहे: फेरीवाले, कामगार संघटना, दवाखाने, बेसबॉल, हॉलिवूड, न्यायालयं, उन्हाळी शिबिरं. एखाद्या समाजाबद्दल राष्ट्रीय पातळीवर फक्त त्याच्या मरणाचं संग्रहालय असावं, हे मला पटत नाही. शाळेची सहल ज्यूंना फक्त बळी म्हणून पाहते आणि घरी जाते.

एका धर्माचं संग्रहालय सरकारने चालवणं घटनेत बसतं का?

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करता येत नाही, म्हणून ही शंका येते. पण इतिहास दाखवणं आणि उपासना करणं यांत फरक आहे. स्मिथसोनियनमध्ये धार्मिक वस्तू पूर्वापार आहेत.

इथे एका माणसाची आठवण काढायला हवी. सायरस ॲडलर. जन्म आर्कन्सॉचा, वाढले फिलाडेल्फियात. अमेरिकी विद्यापीठातून सेमिटिक भाषांत डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले. १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ज्यू विधींच्या वस्तूंचा संग्रह उभा केला आणि १८९२ मध्ये ते संस्थेचे ग्रंथपाल झाले. टॉमस जेफरसन यांनी बायबलातले चमत्कार वगळून, फक्त येशूची शिकवण कात्रीने कापून चिकटवलेली वही तयार केली होती. ती जेफरसन यांच्या पणतीकडून १८९५ मध्ये ४०० डॉलरला विकत घेतली ती ॲडलर यांनी. आज ती स्मिथसोनियनच्या अमेरिकी इतिहास संग्रहालयाच्या मोलाच्या वस्तूंमध्ये गणली जाते. ज्यू ग्रंथपालाने ख्रिस्ती राष्ट्राध्यक्षाचं कापलेलं बायबल सरकारी पैशाने घेतलं आणि घटनेला तडा गेला नाही. तेव्हा फिलाडेल्फिया आणि स्मिथसोनियन यांचा हा संबंध सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

ज्यू सणांचं काय? आणि नाताळचं?

प्रश्न किरकोळ वाटतो, तसा नाही. स्मिथसोनियनची बहुतेक संग्रहालयं वर्षातून एकच दिवस बंद असतात: २५ डिसेंबर. ज्यू संग्रहालयाचा हिशेब नेमका उलटा. योम किप्पुरसारख्या सणांना ते बंद ठेवायचं, आणि नाताळच्या दिवशी सगळं शहर बंद असताना ज्यू कुटुंबं मुलांना घेऊन येतात म्हणून त्या दिवशी खास कार्यक्रम. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने ही प्रथा वर्षानुवर्षं चालवली आहे. सरकारी नियमपुस्तकाने ती मोडली तर संग्रहालय तेच राहील का? माझ्या मते हे करारात लिहून घ्यायलाच हवं. संचालकाच्या मर्जीवर सोडण्याजोगी ही बाब नाही.

राष्ट्रीय झाल्यावर काय दाखवायचं हे कोण ठरवणार?

मोठा प्रश्न हा आहे. बाकीचे त्याच्या मागोमाग येतात.

दाराबाहेरच एक उदाहरण उभं आहे: ‘धार्मिक स्वातंत्र्य’ हे संगमरवरी शिल्प. ब्नाइ ब्रिथ या ज्यू संघटनेने ते १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनासाठी करून घेतलं. शिल्पकार मोझेस जेकब इझिकेल. व्हर्जिनियाच्या लष्करी शाळेतला पहिला ज्यू विद्यार्थी आणि यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने लढलेला सैनिक. पुढे आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीतलं दक्षिणेचं स्मारकही त्यानेच घडवलं. ते डिसेंबर २०२३ मध्ये हटवण्यात आलं. एकाच हाताने स्वातंत्र्यदेवता आणि दक्षिणेचं गौरवस्मारक. याच्या शेजारच्या पाटीवर काय लिहायचं? विश्वस्त मंडळ असेल तर वाद मंडळात होतो. राष्ट्रीय संग्रहालय झालं की तो वाद काँग्रेसच्या समितीत, व्हाइट हाउसमध्ये आणि टीव्हीवर होतो.

हे कल्पनेतलं नाही. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्मिथसोनियनमधल्या ‘अयोग्य विचारसरणी’वर बोट ठेवणारा आदेश काढला, आणि ऑगस्टमध्ये व्हाइट हाउसने आठ संग्रहालयांच्या प्रदर्शनांची तपासणी सुरू केली. आजचं सरकार एका बाजूचं, उद्याचं दुसऱ्या. इस्रायल, स्थलांतर, वंशभेद, ज्यूद्वेष: अमेरिकी ज्यूंच्या इतिहासात असा एक विषय दाखवा ज्यावर वॉशिंग्टनमध्ये मारामारी होणार नाही.

युरोपातला अनुभवही पाहावा. बर्लिनचं ज्यू संग्रहालय २००१ पासून जर्मन संघराज्याच्या प्रतिष्ठानाखाली आहे. सरकारी पाठबळ उत्तम, डॅनिएल लिबेस्किंड यांची इमारत जगप्रसिद्ध. तरी २०१९ मध्ये, इस्रायलवरील बहिष्काराच्या चळवळीबाबतच्या जर्मन संसदेच्या ठरावावर टीका करणारा मजकूर संग्रहालयाच्या ट्विटर खात्यावरून पुढे गेला आणि संचालक पीटर शेफर यांना पद सोडावं लागलं. पोलिश ज्यूंच्या इतिहासाचं वॉर्सातलं संग्रहालय म्हणजे पोलिन; त्याचा पाया २००५ चा करार आहे: संस्कृती मंत्रालय, शहर आणि एक ज्यू संस्था असे तीन भागीदार. २०१९ मध्ये संचालकपदाची स्पर्धा दारिउश स्टोला यांनी पुन्हा जिंकली, पण मंत्र्यांनी नेमणुकीचं पत्रच दिलं नाही. पोलंडमधल्या १९६८ च्या ज्यूविरोधी मोहिमेवर त्यांनी केलेलं प्रदर्शन सरकारला झोंबलं होतं. मात्र तिघांचा करार होता म्हणून मंत्र्यांना आपला माणूस परस्पर बसवता आला नाही. २०२० मध्ये स्टोला बाजूला झाले आणि तिघांच्या संमतीने संग्रहालयातलेच सहकारी झिग्मुंट स्तेम्पिन्स्की आले.

आणि प्राग. तिथलं ज्यू संग्रहालय १९०६ चं. नाझींनी बोहेमिया आणि मोराव्हियातल्या उद्ध्वस्त ज्यू वस्त्यांतल्या वस्तू तिथे आणून रचल्या. १९५० मध्ये कम्युनिस्ट राजवटीने ते सरकारजमा केलं, आणि चव्वेचाळीस वर्षांनी, १९९४ मध्ये, ते ज्यू समाजाच्या संघटनेकडे परत आलं. त्यासाठी आधी राजवट कोसळावी लागली.

म्हणून माझं म्हणणं असं. हस्तांतरण व्हावं, पण परत येण्याची वाट कायद्यात आधीच आखलेली असावी: कोणत्या परिस्थितीत संग्रह मूळ विश्वस्तांकडे जाईल, संचालकाच्या नेमणुकीत समाजाचा शब्द किती, प्रदर्शनाचा मजकूर अंतिम कोण करणार. हे मान्य नसेल तर संलग्नताच बरी. ज्यांना ही अट अविश्वासाची वाटते त्यांनी वॉर्साचा करार वाचावा. विश्वास होता म्हणूनच तो लिहून ठेवला होता, आणि वेळेला उपयोगी पडला.

सुरक्षा?

हा सोपवण्याच्या बाजूचा भक्कम मुद्दा. मे २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटल ज्युइश म्युझियमबाहेर इस्रायली दूतावासाच्या दोन कर्मचाऱ्यांची गोळ्या घालून हत्या झाली. छोट्या संस्थांना पहारा, कॅमेरे, तपासणी यंत्रं यांचा खर्च झेपत नाही. स्मिथसोनियनकडे स्वतःचं सुरक्षा दल आहे.

ज्या कुटुंबांनी आजीचे मेणबत्तीचे खांब, आजोबांचं पारपत्र दिलं, त्यांना विचारणार का?

वस्तू देताना दानपत्रावर सही झालेली असते. अट न घालता दिलेली वस्तू संग्रहालयाची होते आणि संग्रहालयासोबत ती पुढे जाते. अट घातली असेल तर ती नव्या मालकालाही सोडत नाही. स्मिथसोनियनमध्येच चार्ल्स फ्रीअर यांनी आपल्या कलासंग्रहातल्या वस्तू बाहेर उसन्या देऊ नयेत अशी अट घातली होती, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. ज्या वस्तू केवळ उसन्या आलेल्या आहेत त्यांच्या मालकांना अर्थातच विचारावं लागेल.

वाइट्झमन हे नाव राहील?

राहू शकतं. फ्रीअर, हर्शहॉर्न, उद्वार-हाझी ही सगळी देणगीदारांची नावं स्मिथसोनियनच्या दारांवर आहेतच.

इतर ज्यू संग्रहालयांचं नुकसान होणार नाही का?

न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो इथल्या संस्थांना ही धास्ती आहे, आणि ती अनाठायी नाही. मोठा देणगीदार राष्ट्रीय नावाकडे वळतो, चांगली वस्तूही तिकडेच जाते. उलट बाजूही आहे: राष्ट्रीय संग्रहालय लहानांना वस्तू आणि प्रदर्शनं उसनी देतं.

भारतात असं काही झालंय?

झालंय. हैदराबादचे तिसरे सालारजंग १९४९ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांचा संग्रह १९५१ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि १९६१ मध्ये संसदेने कायदा करून तो राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवला. आपल्या जवळचं म्हणजे पुण्याचं राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय. काकासाहेब केळकरांनी खिशातून पै-पैसा घालून दिवे, अडकित्ते, दारांच्या चौकटी जमवल्या आणि १९७५ मध्ये सगळं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. दोन्हीकडे संग्रह फुटला नाही, विकला गेला नाही, हे श्रेय सरकारी छत्राला द्यावंच लागेल. पण तिथे संग्रह एका माणसाच्या आवडीचा होता. एका समाजाची कहाणी सोपवणं ही निराळी जोखीम आहे.

यात आपल्या बेने इस्रायलांना काही स्थान आहे का?

थेट नाही, कारण संग्रहालय अमेरिकी ज्यूंचं आहे, आणि कोकणातून निघालेले बेने इस्रायल १९४८ नंतर मुख्यतः इस्रायलला गेले. लोद, अश्दोद, बेर शेवा इथे मराठी ऐकू येते ती त्यांच्यामुळे. पण काही कुटुंबं अमेरिकेत स्थिरावली आहेत. ‘अमेरिकी ज्यू’ म्हणजे पूर्व युरोपातून आलेले, बेगल खाणारे लोक, ही ठरीव प्रतिमा राष्ट्रीय संग्रहालयाला फार दिवस चालवता येणार नाही. सीरियन, इराणी, मध्य आशियातले बुखारी, इथिओपियन आणि अलिबाग-पेणकडचे ज्यूही त्यात यायला हवेत.

दाखवायला वस्तू नाहीत असंही नाही. १८७४ साली पुण्यात छापलेली, वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हगादा घ्या. हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी भाषांतर, आणि चित्रांत लुगडं नेसून जमिनीवर बसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करताहेत. तिच्या प्रती जगभरच्या ग्रंथालयांत आहेत. अमेरिकेतल्या मराठी मंडळांना हातभार लावायचा असेल तर ओळखीतल्या बेने इस्रायल कुटुंबांकडची पत्रं, लग्नाचे फोटो आणि मलिदाच्या ताटाची आठवण आत्ताच नोंदवून ठेवावी.

आत्ता जाऊन पाहता येईल?

हो. हस्तांतरणाच्या चर्चेमुळे काहीही बंद नाही. वरच्या मजल्यापासून खाली उतरत गेलं की कालक्रम लागतो. निघण्यापूर्वी ज्यू सणांच्या तारखा तेवढ्या तपासा. त्या दिवशी दार बंद मिळेल.